बादलीची कडी

“टोचतंय,” ढोल्या म्हणाला.

“काय टोचतंय?”

“झांजा. माझ्याच झांजा आणि मलाच टोचतायत. सुईनं कान कोरल्यासारखं होतंय रे कानोबा, बंद कर.”

कानोबाने टेप थांबवली. यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी मागे उरली. घराच्या मागल्या अंगाची ही खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक खुर्ची आणि समोर राखणीला बसलेल्या कुत्र्यांसारखे दोन स्पीकर. लोकांची गाणी इथे यायची आणि रेकॉर्ड छापायला जाण्याआधी तिच्यावरून शेवटचा हात फिरायचा तो कानोबाचा. घराबाहेर निघालेल्या लेकराचे केस आई दारात एकदा सारखे करते ना, तसा. कानांवरूनच त्याला कानोबा नाव पडलं होतं. ढोल्या त्यांच्या बँडचा ड्रमवाला. नाव पडलं तेव्हा तो काडीपैलवान होता. पुढे मात्र नावाला जागला.

तरुणपणी त्यांच्या बँडने एकच अल्बम काढला होता. आता इतक्या वर्षांनी कंपनी तो पुन्हा काढणार होती आणि जुन्या टेपवर हात फिरवायचं काम आपसूक कानोबाकडे आलं. त्याने केलेला नमुना मात्र कंपनीने परत पाठवला. फार कर्कश आहे म्हणे. या वेळी जमलं नाही, तर दुसऱ्या कुणाला देऊ. त्याचं काम असं कधी परत आलं नव्हतं. “त्यांचे स्पीकरच फुटके,” असं म्हणून त्याने साक्षीला ढोल्याला बोलावलं, तर साक्षीदारच उलटला.

“तुझे कान गेलेत,” कानोबा म्हणाला. “जन्मभर बडवत बसलास, आता पीस पडलं तरी टोचणार.”

“गेले असते तर ऐकूच आलं नसतं. टोचलं कसं मग?”

कानोबाने चष्मा काढून डोळे चोळले. आठवडाभर तो हेच गाणं उगाळत होता. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. “भावजी, साखर चालते ना? की डॉक्टरनं बंद केलीय?”

“डॉक्टरनं केलीय वहिनी, मी नाही केली.”

“मग घ्या. मी काही पाहिलं नाही.”

“हसू नका वहिनी. आधी सांगा, हे गाणं टोचतं की नाही?”

“मला काय विचारता? हे गाणं लागलं की मला माझी रिकामी बादलीच आठवते.”

ढोल्या खो खो हसला. कानोबा हसला नाही.

तो एक काळ होता. दूरदेशीच्या रॉक रेकॉर्डी कुणाकुणाकडून मागून आणून हे दोघे त्यांची पारायणं करायचे. गाण्यापेक्षा त्यातल्या आवाजाचंच वेड. एकीत ड्रम असे घुमायचे, जणू डोंगरापल्याड कुणी दार ठोठावतंय. दुसरीत गिटारीवर गिटार चढवून भिंत उभी केलेली. तिसरीत गाणाऱ्याचा श्वास इतका जवळ, की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यावा. असा आवाज आपल्यालाही हवा, असं मनाने घेतलं. पण त्या लोकांकडे मोठमोठे स्टुडिओ होते, यांच्याकडे इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. यांनी टाकी उपसली. एका टोकाला स्पीकर सोडला, दुसऱ्या टोकाला माइक. गाणं टाकीत उतरलं, भिंतींना अंग घासून आलं आणि विहिरीतल्या चांदण्यासारखं हलायला लागलं.

शेवटचा सूर विरत होता, एवढ्यात वरच्या मजल्यावरची मुलगी रिकामी बादली घेऊन गच्चीत आली. “आमचं पाणी कुणी प्यायलं?” म्हणत तिने बादली टाकीच्या झाकणावर आदळली. तिचं ओरडणं जाड पत्र्याबाहेर राहिलं. बादलीची कडी मात्र कलंडून झाकणावर वाजली. टिण्. गायक म्हणाला, पुसून टाक. कानोबा म्हणाला, पुसतो. पुसली नाही. पुढे बादलीवालीशीच संसार मांडला. हे गाणं संपत आलं, की तो स्वयंपाकघराकडे मान वळवायचा आणि आतून ती ओरडायची, “आली हो बादली!”

“अहो,” बायको आता हळूच म्हणाली, “तुम्ही बादली शोधताय ना?”

बारीक, उंच आवाज वाढवणाऱ्या ट्रेबलच्या बटणावरचा हात त्याने काढला नाही.

“परवा मी आतून ओरडले, आली म्हणून. तुम्ही टेप मागे नेली. पुन्हा ओरडले. पुन्हा मागे नेलीत. दर वेळी आवाज आणखी धारदार. माझे दात शिवशिवायला लागले.”

ढोल्याने कप खाली ठेवला. “कानोबा, कधीपासून रे?”

“आधी पाखरं गेली,” कानोबा म्हणाला. “मला वाटलं, मागची झाडं तोडली असतील. मग किल्ल्यांचा जुडगा मुका झाला. म्हटलं, थकवा आहे, उतरेल.” त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “ही रेकॉर्ड तेवढी नीट जाऊ दे. मग खोलीला कुलूप घालतो.”

बायकोने स्टूल ओढलं, त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि त्याच्या मनगटावर एक बोट टेकवलं. “लावा परत. मी सांगते.”

टेप सुरू झाली. कानोबाने ढोल्याच्या कपाळाकडे बघत ट्रेबल थोडं थोडं खाली आणलं. आठी सुटली. मग ढोल्याचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला, तसा कानोबाचा हात थांबला. त्याच्यापुरतं गाणं आता कापसात गुंडाळलेलं होतं. खाली ड्रमची धडधड, मध्ये गिटारीचा गहिवर आणि वर, जिथे आभाळ असायचं, तिथे काहीच नाही. शेवटचा सूर टाकीत उतरला, हलत हलत विरला. त्याची मान सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. तिथे कुणी नव्हतं.

मनगटावरचं बोट एकदा दाबलं गेलं.

“आली?”

“आली.”

“मोठी वाटते?”

“नाही. होती तेवढीच आहे.”

त्याने बटणावरचा उजवा हात काढला आणि तिच्या बोटावर ठेवला. ढोल्या रिकाम्या कपात बघत राहिला. टेप संपली होती आणि तिचं सुटलेलं टोक फिरत्या चाकावर थपथप आपटत होतं. ते कानोबाला स्वच्छ ऐकू येत होतं. बंद करायला हवं होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते.