गणित कोण शिकवतं?

सुईवालीने अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा लॅबच्या मॅनेजरने असं तोंड केलं, की जणू तिने त्याचंच रक्त मागितलं होतं. सकाळपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं हे तिचं काम, म्हणून गल्लीत तिला सगळे सुईवालीच म्हणत. पोरगी पाचवीत होती आणि पुढच्या शाळेचा फॉर्म महिनाअखेरीपर्यंत भरायचा होता.

घरापासून सात मिनिटांवर सरकारी शाळा होती, सहावी ते आठवीची. सरकारी यादीत तिला दहापैकी चार गुण होते. चार कशाचे आणि उरलेले सहा कुठे गेले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारीण म्हणायची, "तिथे मुलं फक्त शिव्या शिकतात." तिची स्वतःची मुलं त्या शाळेच्या फाटकातूनसुद्धा कधी आत गेली नव्हती.

"मग तू जाऊन बघून ये ना," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ऐकीव माहितीवर त्याचा विश्वास नसायचा. "रक्त न तपासता, नुसती नळीवरची चिठ्ठी वाचून रिपोर्ट देतेस का कधी?"

म्हणून ती पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी गेली. लॅबच्या एका जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला अकरा प्रश्न लिहून नेले होते. वीसेक आईबाप जमले होते. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेतल्या मोठ्या बाई, चष्मा डोक्यावर सरकवून पुढे चालल्या होत्या. त्यांनी सभागृह दाखवलं. मुलांनी रंगवलेली भिंत दाखवली. संगणकाची खोली दाखवली, तिथे प्रत्येक संगणकाला कापडी टोपडं घातलेलं होतं आणि ते इतकं स्वच्छ होतं की संगणक कधी वापरतात तरी का, अशी सुईवालीला शंका आली.

"सहावीला गणित कोण शिकवतं?" तिने पहिला प्रश्न विचारला.

"गणिताकडे आमचं विशेष लक्ष असतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो, पण कुणाचं?"

"सगळ्या स्टाफचं."

"वर्गावर कोण जातं, असं विचारतेय मी."

मोठ्या बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. "या, आता मैदान बघू," म्हणाल्या. मागून एक टायवाले गृहस्थ कुरकुरले, "ताई, आम्हालाही कामं आहेत हो. एकाच गोष्टीचा किती कीस काढाल?" सुईवालीची कानशिलं तापली. ज्यासाठी रजा काढली ते विचारायचं नाही, तर काय भिंतीवरची फुलपाखरं मोजायची?

वरच्या मजल्याचा जिना आला तेव्हा मोठ्या बाई न थांबता म्हणाल्या, "वर रंगकाम चालू आहे." रंगाचा वास मात्र कुठेच नव्हता. सगळे मैदानाकडे वळले आणि सुईवाली सरळ जिना चढली.

वर आधी मुलींचं स्वच्छतागृह लागलं. तिने चारही दारं उघडून पाहिली. चारही कड्या लागत होत्या, नळाला पाणी होतं. तिने ते कागदावर लिहिलं. मग कोपऱ्यातल्या वर्गातून हसण्याचा आवाज आला. तिने दारातून डोकावलं. चाळीस मुलं दाटीवाटीने बसली होती आणि फळ्यापाशी एक सडपातळ गृहस्थ उभे होते, बाह्यांना खडू लागलेला.

"कपाटात बासष्ट पुस्तकं आहेत," ते म्हणत होते. "त्यातली दोन-पंचमांश फाटकी. किती फाटकी?"

मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. "सर, चोवीस पूर्णांक चार-पंचमांश. पण पुस्तक असं तुकड्यात कसं मोजणार?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "चूक माझी. साठ करा रे सगळ्यांनी. आणि हिने पकडलं, तर पुढचं उदाहरण ही घालेल."

दारात कुणी उभं आहे असं पाहून ते बाहेर आले.

"तुम्ही गणिताचे सर?"

"नाही हो. मी ग्रंथपाल."

"मग ग्रंथालयात कोण आहे?"

"कुलूप," ते म्हणाले. "गणिताच्या बाई जाऊन सात महिने झाले. कुणीतरी उभं राहायला हवं ना? मी रात्री एक धडा वाचतो, सकाळी शिकवतो. मुलांच्या एकच धडा पुढे असतो मी. कधीकधी तेवढाही नाही."

खाली परत आली तेव्हा सगळ्यांना अभिप्रायाचा कागद वाटत होते. त्यावर तीन चेहरे छापलेले, हसरा, गप्प आणि रडका. एकावर खूण करायची. लिहायला एक ओळसुद्धा नव्हती. बाकीचे हसऱ्यावर खूण करून निघून गेले. सुईवाली कोरा कागद घेऊन थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली.

"गणिताला शिक्षक नाही हे तुम्ही सांगितलं का नाही?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. शाळेचा पट एकशे ऐंशीच्या खाली गेला की एक तुकडी जाते. तुकडी गेली की त्याबरोबर पद जातं. पद गेलं की शिक्षक मागायलाही तोंड उरत नाही. खरं सांगितलं तर तुम्ही येणार नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर शिक्षक येणार नाही. आता काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"खोटं मी काही बोलले नाही."

"आणि वरचं रंगकाम?"

"ते मंजूर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वीच."

दुसऱ्या दिवशी सुईवालीने शिक्षण कार्यालयात फोन लावला. तिथल्या कारकुनाने तिला तीनदा थांबायला लावलं, मग सांगितलं, "त्या शाळेत गणिताचं पद रिकामं नाही. भरलेलं आहे. बाई कागदावर तिथेच आहेत."

"कागदावर तिथे आहेत, पण प्रत्यक्षात कुठे आहेत?"

"इथे, माझ्या पुढच्या टेबलावर. कामासाठी बोलावून घेतलंय. आत्ता जेवायला गेल्यात. निरोप द्यायचाय?"

तिने फोन आपटला. मग जेवणाच्या सुट्टीत बसून पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहून काढलं. कड्या, पाणी, वर्गावर उभे राहणारे ग्रंथपाल, त्यांनी कबूल केलेली चूक, ती चूक धरणारी मुलगी, कार्यालयात बसवलेल्या बाई, मंजूर झालेला रंग, सगळं. चांगलं आणि वाईट, दोन्ही. शेवटी लिहिलं, की आपण सगळ्यांनी मिळून कार्यालयात गेलो तर त्या बाई परत येतील.

संध्याकाळपर्यंत तो मजकूर चार ग्रुपांत फिरला होता, पण त्यातली एकच ओळ उरली होती, 'गणिताला शिक्षकच नाही.' खाली कुणीतरी स्वतःचं जोडलं होतं, 'ग्रंथालयाला कुलूप, मुलं वाऱ्यावर.' ती लिहीत राहिली, "अहो, पूर्ण वाचा." उत्तरादाखल अंगठे आले. कार्यालयात यायला कुणीच तयार नव्हतं.

"हात दाखवून अवलक्षण," नवरा म्हणाला.

"बघून ये म्हणणारा कोण होता?"

फॉर्म भरायच्या दिवशी तिने पहिल्या जागी त्याच शाळेचं नाव लिहिलं. त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. "तूच वाईट लिहिलंस आणि तूच पोरीला तिथे घालतेस?" त्याने विचारलं. "मी वाईट लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की पोरगी बाहेर येऊन दोघांकडे बघत राहिली.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा पट एकशे एकाहत्तर भरला. नऊ मुलं कमी पडली म्हणून एक तुकडी गेली. सहावीचे दोन वर्ग एक झाले, एकाच खोलीत एक्कावन्न मुलं, आणि फळ्यापाशी तेच ग्रंथपाल. पोरगी घरी येऊन म्हणाली की सर चांगले आहेत, पण मागच्या बाकावर त्यांचा आवाज पोचत नाही.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाई फाटकापाशी भेटल्या. "तुमचं लिहिलेलं वाचलं," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. तसं वाचणारी बहुतेक मी एकटीच असेन."

सुईवालीला वाटलं, आता या चांगलं सुनावणार. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

"तुम्ही कार्यालयाला किती पत्रं लिहिलीत?" सुईवालीने विचारलं.

"नऊ."

"त्यांच्या प्रती मला द्या."

मोठ्या बाई आत जाऊन झेरॉक्स घेऊन आल्या.

गुरुवारी तिने पुन्हा रजा काढली. मॅनेजरने या वेळी तोंडसुद्धा वर केलं नाही. कार्यालयात कारकून म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, कधी येतील ते सांगता येत नाही. त्याच्या पुढच्याच टेबलावर एक बाई मान खाली घालून एकामागून एक पानांवर शिक्के मारत होत्या. सुईवाली त्यांच्या समोरच्या बाकावर बसली, नऊ पत्रं मांडीवर ठेवली, आणि घड्याळाकडे न बघता थांबली.