तिसरा पुकारा

"दादा, तेवढं गैरहजर म्हनू नका त्यांना," लंकाबाई म्हणाल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिपाई श्रीमंतने हातातल्या कागदावरून नजर उचलली. पुढचं नाव आदिनाथ किसन म्हसे, या बाईंच्या नवऱ्याचं. माणूस जाऊन वर्ष उलटलं होतं.

"ताई, मयताचा रिपोर्ट अजून आला न्हाई. कागदावर ते जिते हायेत. तीनदा पुकारा करायचा, न्हाई आले तर आत जाऊन गैरहजर सांगायचं. माझ्या हातात काय हाय?"

"पन साक्ष दिलीय की त्यांनी. तुमीच हाक मारली हुती."

मारली होती. मुळा नदीच्या काठी वाळूच्या ट्रॅक्टरखाली एक पोरगी गेली, तेव्हा अख्खं गाव आंधळं झालं. पाहिलं म्हणणारा एकटा आदिनाथ, पाणीपुरवठ्याच्या पंपावरचा माणूस. त्या साक्षीपायी त्याचं काम सुटलं, दारात कुणी येईना. आणि आता वरच्या कोर्टाचा हुकूम आला: त्या वेळी आरोपीला वकील नव्हता, खटला 'डी नोव्हो' चालवा. म्हणजे झालेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करा. न्यायाला धरूनच असेल ते. पण मेलेल्या माणसाने पहिल्यापासून कसं सुरू करायचं, हे हुकुमात कुठे नव्हतं.

आत घंटी वाजली. श्रीमंत पायरीवर आला.

"आदिनाथ किसन म्हसे, हाजिर हो!"

मागच्या खेपेला नाव पुरतं व्हायच्या आत आवारातल्या लिंबाखालून "हाय की" असं आलं होतं. तारीख लागल्यापासून तो आवाज श्रीमंतच्या कानातून जात नव्हता. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली आणि नको म्हणताना नजर लिंबाकडे गेली. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "आदिनाथराव." मग कुणासाठी थांबत नाही इतका वेळ थांबला.

आत साहेबांनी मान वर न करता विचारलं, "गैरहजर?"

उभ्या नोकरीत श्रीमंत या खोलीत ठरलेल्या शब्दांबाहेर बोलला नव्हता.

"न्हाई साहेब. ते येऊन, सांगून गेलेत."

साहेबांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "पुढचं नाव घ्या."

श्रीमंत बाहेर आला. लंकाबाई लिंबाखाली जाऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, शेजारी एका माणसाची जागा सोडून.