दीड अंशाचा कल

खोलीत अकरा वस्तू उरल्या होत्या: सहा बांधलेले खोके, गुंडाळलेली गादी, पाण्याची कळशी, बाबासाहेबांची तसबीर, बुद्धमूर्ती आणि मूर्तीखालचं तीन पायांचं सागवानी टेबल. नायगावच्या बीडीडी चाळीतली ही खोली शनिवारी सोडायची होती. नंतर इमारत पाडणार होते.

बारावी वस्तू नेरिसाने आणली. टेम्पोवाल्याने ती दाराशी ठेवली आणि वरचं ब्लँकेट काढलं. आमच्याच टेबलाचं जुळं. तशीच गोल फळी, काठाला बोटभर उचललेली कड, खाली निमुळते होत बाहेर झुकलेले पाय.

नेरिसा गिरगावची. तिच्या आजोबांचा, रॉकशेठचा, तिथे फर्निचरचा कारखाना होता आणि माझे आजोबा जगदीश त्यात सुतार होते. आता लोअर परळच्या एका गॅलरीत साठच्या दशकातल्या फर्निचरचं प्रदर्शन भरत होतं आणि नेरिसाचं टेबल त्यातलं मुख्य आकर्षण होतं. शेजारी तिला आमचं टेबल हवं होतं, ‘कारागिराने केलेली नक्कल’ अशा पाटीसकट. फोनवर मीराबाईंनी, म्हणजे माझ्या आजीने, एवढंच सांगितलं होतं की आधी तुझं टेबल वर घेऊन ये, मग बघू.

“आणलं, आंटी. आता बोला,” नेरिसा म्हणाली.

“बस म्हणायला खुर्ची नाही. असती तरी म्हटलं नसतं.”

नेरिसाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि मोबाइलवरून पाटीचा मजकूर वाचला. “‘या टेबलाच्या फळीला दीड अंशाचा कल आहे. त्या काळच्या सरळसोट फर्निचरला रॉक यांनी दिलेलं हे खोडकर उत्तर.’”

“खोडकर,” आजी म्हणाली. “रॉकशेठ. बारा वर्षांत माणूस एकदा हसला नाही, असं हे सांगायचे.”

“डिझाइन त्यांचं आहे, आंटी.”

“डिझाइन ह्यांचं. तुझ्याकडे आहे ते पहिलं. ह्या खोलीसाठी केलेलं. इथे महिनाभर वापरलं आणि पॉलिशला म्हणून कारखान्यात नेलं. शेठला आवडलं, ठेवून घेतलं. म्हणे, जगदीश, तू दुसरं कर.”

“प्रत्येक सुताराच्या घरी हीच स्टोरी असते. ग्रँडपा विलायती मासिकं मागवायचे. तुमच्या मिस्टरांनी फक्त रंधा मारला.”

आजीच्या मानेची शीर उठलेली मला दिसली. मी फिजिक्सची. मला भांडता येत नाही, मोजता येतं. कॉलेजच्या लॅबमधून आणलेली, कल मोजायची डिजिटल लेव्हल मी पिशवीतून काढली.

“आजी, आपलं टेबल तिरकं का नाही?”

“मेणबत्तीसाठी. जमीन मोरीकडे उतरते. आधी साध्या स्टुलावर मूर्ती होती, तर मेण एकाच बाजूला ओघळून मूर्तीच्या पायांशी साचायचं. म्हणून ह्यांनी दाराकडचा पाय आखूड ठेवला.”

मी लेव्हल कोब्यावर ठेवली. दारापासून मोरीकडे दीड अंश उतार. मग मूर्ती आजीच्या हातात देऊन लेव्हल आमच्या फळीवर ठेवली. शून्य.

“मग काय झालं?” नेरिसा म्हणाली. “नक्कल केली आणि तुमच्या जमिनीला लागेल तसा पाय कापला. माझ्या टेबलाचा काय संबंध?”

“तुमच्या टेबलाचा कल किती म्हणालात?” मी विचारलं.

ती मोबाइलकडे बघत राहिली. “ती स्टाईल आहे.”

“स्टाईल,” आजी म्हणाली. “तुझ्या हॉलमध्ये मोरी कुठे आहे गं?”

नेरिसाने टेम्पोवाल्याला खूण केली. “उचल. यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

आजी मूर्ती छातीशी धरून दारात उभी राहिली.

“आज गेलात तर शनिवारनंतर तपासायला जमीनच नसेल,” मी म्हणाले. “तुमचं टेबल इथे तिरकं निघालं तर दोन्ही टेबलं घेऊन जा, हवी ती पाटी लावा. सरळ निघालं तर पाटीवर जगदीश हे नाव. बोला.”

“तू मला चॅलेंज देतेस?”

“पाटी तुम्ही लिहिलीत. मी फक्त ती तपासते.”

“ठेव रे,” नेरिसा टेम्पोवाल्याला म्हणाली. “होऊन जाऊ दे यांच्या मनासारखं.”

मी आमचं टेबल बाजूला केलं. साठ वर्षांत कोब्यावर तीन गोल खुणा पडल्या होत्या. नेरिसाच्या टेबलाचा आखूड पाय शोधून तो मी दाराकडच्या खुणेवर ठेवला. उरलेले दोन पाय आपोआप उरलेल्या दोन खुणांवर आले. नेरिसा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

मी फळीच्या मध्यावर लेव्हल ठेवली, आधी दारापासून मोरीकडे, मग आडवी. आकडा स्थिर होऊ दिला.

दोन्ही दिशांना कल ०.० अंश.