अन्नपूर्णाबाईचा कापूर आणि मी

मित्रांनो, मी पेट्रोलच्या गाडीतली एक जुनी रबरी नळी आहे. लांबी वीतभर, रंग काळा, एका टोकाला जळालेली. उंद्रीच्या अन्नपूर्णाबाईचे दोन्ही हात भाजले ते माझ्यामुळे. गाव मात्र म्हणतं, तिच्याच कापरामुळे. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही!

कुठल्या कारखान्यात मला कापलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की टाकीकडून आलेलं पेट्रोल इंजिनात पोचवायचं, बस. सतरा वर्षं तेच केलं. सहदेवभाऊ आणि अन्नपूर्णाबाई भाजीवाले. मागची सीट काढून तिथं मेथी, पालक, वांगी भरायची आणि सकाळी चिखलीचा बाजार गाठायचा. गाडीचं कौतुक फार. बोनेटला हार, लिंबू-मिरची, आरशाला गोंडा. माझ्याकडे कधी कोणी ढुंकून पाहिलं नाही. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग वय झालं. पोटाखाली बारीक चीर पडली. गारठ्यात रबर आखडायचं, चीर उघडायची आणि चावी फिरवली की पेट्रोल ठिबकायचं. इंजिन तापलं की मी फुगायचे, चीर बुजायची, वास गायब. दुखणं सकाळचं आणि वैद्याकडे जायचं दुपारी! सापडणार कसं?

अन्नपूर्णाबाईला पहिल्या दिवशीच कळलं.

"अहो, चालू करताना पेट्रोलचा वास येऊन राह्यला. पाहा ना काय हाय ते."

"जुनी गाडी हाय, वास येईनच. तू काऊन रोज तेच तेच लावते?"

रोज सांगायची ती. रोज! शेवटी सहदेवभाऊंनी टाकीचं झाकण बदललं, आत सुगंधी डबी टांगली. वास होता तिथंच. मग बाजार आटोपून एकदा अश्वजितच्या गॅरेजला गेले. मिस्त्री हुशार. त्यानं बोनेट उघडून सगळं हुंगलं.

"भाऊ, आता गरम हाय, काही दिसणार नाही. मले गाडी थंड पाह्यजे. आज ठेवून जा. सकाळी चालू करायच्या आधी पाहतो."

"अन् उद्या मेथी काय डोक्यावर नेऊ?"

महिन्यानं पुन्हा तेच बोलणं झालं, पुन्हा गाडी घरी आली. त्या दिवशी मी किती तडफडले म्हणून सांगू!

त्यांच्या घरची एक रीत. दर अवसेला गाडीसमोर नारळावर कापूर पेटवून ओवाळायचं, तेही गाडी चालू ठेवून. त्या अवसेला वास जरा जास्तच होता. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "आज राहू द्या, मले भेव वाटते." सहदेवभाऊ स्टेअरिंगवरूनच ओरडले, "ओवाळ लवकर, उशीर होऊन राह्यला!" तिनं ओवाळलं. जळता नारळ ठेवायला चाकापाशी वाकली. तिथंच माझे थेंब साचले होते.

भडका उडाला. सहदेवभाऊ उडी मारून लांब पळाले. ती नाही पळाली. मेथीवरचं ओलं बारदान ओढलं आणि दोन्ही हातांनी आगीवर दाबून धरलं, आग विझेपर्यंत. गाडी वाचली. मीही वाचले, मेले असते तर बरं झालं असतं.

ट्रॅक्टरला बांधून गाडी गॅरेजला आणली. दुसऱ्या सकाळी, गाडी थंड असताना, अश्वजितनं खाली डबा ठेवला आणि नुसती चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही. टाकीतला पंप घुमला. माझ्या पोटाखाली थेंब धरला. त्यानं मला कापून काढलं, जागी नवी नळी बसवली. पाच मिनिटांचं काम होतं हो!

"हे पाह्य भाऊ, इथून गळत होतं. वहिनीचा काही दोष नाही. तसं वहिनीले सांगजा." मग मला त्यानं भिंतीच्या खिळ्यावर टांगलं, गिऱ्हाइकांना दाखवायला.

आज सहदेवभाऊ आले होते. अश्वजित मागे ऑइल आणायला गेला तेव्हा बाकावरच्या एकानं विचारलं, "वहिनीचे हात कसे हायेत?"

"बोटं मिटत नाहीत अजून. तिनंच कापूर लावला ना. आता घरात काडी ओढाले घाबरते, देवापुढचा दिवाही सून लावते. 'माह्या हातानंच झालं' म्हणते अन् रडते. मी काय बोलू?"

काय बोलू? अरे, एक वाक्य बोलायचं होतं!

अश्वजित आला. खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वहिनीले सांगितलं ना, भाऊ?"

"हाव. तवाच." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "फेकून दे आता ते. कायले टांगून ठेवलं?"

उद्या खंडेनवमी. गॅरेज धुणार, हत्यारं पुजणार. अश्वजितनं मला काढून भंगाराच्या डब्यात टाकलं. त्याचा काय दोष, त्याला खरंच वाटलं की तिला कळलंय.

मित्रांनो, गाडी चालू करताना पेट्रोलचा वास आला तर चावी लगेच बंद करा, जवळ काडी ओढू नका आणि मिस्त्रीला गाडी थंडच दाखवा. घरात कोणी रोज वास येतो म्हणत असेल तर तिचं ऐका. आणि उंद्रीला गेलात तर भाजीवाल्या अन्नपूर्णाबाईचं घर विचारा. तिला एवढंच सांगा, की मावशी, नळी फुटली होती. मला आता ते सांगता येणार नाही.