राखाडी पट्टी

ताईने पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्या कडेच्या राखाडी पट्टीवर बोट टेकवलं.

"बघा, कशी पिवळी पडलीये. स्क्रीनवर एक रंग, कागदावर भलताच. या प्रिंटरने जीव नकोसा केलाय."

घरी छापलेल्या प्रत्येक फोटोच्या कडेला ती अशी पट्टी सोडायची, तिच्यात दुसऱ्या रंगाची झाक आलीये का ते नजरेने तपासायची आणि मगच कापून टाकायची. स्टुडिओतल्या नोकरीपासूनची सवय.

दुकानदाराने दोन खोकी पुढे सरकवली. एका खोक्यातलं यंत्र फक्त स्क्रीनचे रंग मोजायचं. दुसरं छापलेल्या कागदाचेही.

"कागदाचं द्या," ताई म्हणाली.

"अगं, स्क्रीनचं पुरे की," धाकटी बहीण घाईने म्हणाली. "घरच्या घरी तर छापतो आपण."

"तू गप गं. तुला अजून जांभळा कुठला नि निळा कुठला ते कळत नाही."

वर्षभर ताई, फोटो पिवळट दिसतो म्हणून, स्क्रीनवर निळा वाढवत होती, आणि ती चहा टाकायला उठली की धाकटी तो गुपचूप उतरवून छापायला सोडत होती. एकदा उतरवायचं राहिलं, तर शेजाऱ्यांचं बाळ थंडीने काकडल्यासारखं निघालं होतं. पण हे ताईला सांगणार कसं? लोक अजून तिच्या नजरेवर विश्वास ठेवून फोटो आणून देत.

दुकानदाराने यंत्र पट्टीवर टेकवलं. धाकटी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"पिवळी कुठे? अगदी स्वच्छ राखाडी आहे," तो म्हणाला. "प्रिंटर ठणठणीत आहे तुमचा. आणि रंग तर फारच छान जुळवलेत. तुम्हीच जुळवता?"

फोटो घेऊन ताई दारातल्या उन्हात गेली. एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. मग तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी काचेखालच्या लेन्स निरखत होती.

"मग, कोणतं देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"राहू द्या," ताई म्हणाली. "घरी आहे आमच्याकडे."

पायऱ्या उतरताना तिने धाकटीचा दंड धरला. एरवी ती कुणाचा आधार घेत नसे.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ कधीची घेऊन ठेवलीयेस?"

"सोमवारची."

"बरं." ताईने पुढची पायरी पायाने चाचपली. "आणि यापुढे निळा उतरवायचा तर माझ्या शेजारी बसून उतरव. मेला चहा गार होतो."