नलिनीचा टाक

कमल गेल्याचं कळलं तेव्हा काशिनाथ जवाहर चौकात तिची चप्पल शिवून घेत बसला होता. शेजारच्या रत्नप्रभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, लगेच घरी या. कमल उठेना हो."

संध्याकाळी इंदूरहून मंदार आला. नलिनीचा, म्हणजे काशिनाथच्या पहिल्या बायकोचा हा मुलगा. नलिनी गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे त्याला वाढवलं कमलने. "माझं शेवटचं पाणी मंदार देईल," असं ती नेहमी म्हणायची.

बायकांनी कमलच्या अंगावरचे दागिने उतरवले. गळ्यातल्या चांदीच्या टाकाला मात्र कुणी हात लावेना. त्यावर नलिनीची आकृती होती. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. कमल रोज त्या टाकाशी बोलायची. "ताई, तुमच्या लेकाने आज पुन्हा दोडका ताटात टाकला. सांगा त्याला काहीतरी."

काशिनाथने टाक काढून मंदारच्या हातात दिला. तेवढ्यात मंदारला साहेबांचा फोन आला.

"नहीं सर, सगी नहीं. सौतेली माँ थीं. परसों निकलता हूँ."

त्याने फोन ठेवल्यावर काशिनाथ म्हणाला,

"हा शब्द ती या घरात कुणाला बोलू देत नव्हती, मंदार."

"मी खोटं काय बोललो, बाबा? आई गेली म्हणून एकदा सांगून झालंय माझं. पुन्हा कसं सांगू?"

रत्नप्रभावहिनी म्हणाल्या, "तुला ती 'आमचा थोरला' म्हणायची रे. मी विचारलं, बाई, धाकटा कुठाय? तर म्हणे, थोरला म्हटलं की घर भरल्यासारखं वाटतं."

मंदार हसला. मग टाक मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घाटावर गुरुजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार?"

काशिनाथने मंदारकडे पाहिलं. "बाबा देतील," मंदार म्हणाला. काशिनाथने अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून झाल्यावर मंदार निघाला. दारात घुटमळला. "नर्मदेवर तुम्ही जाऊ नका, बाबा. अस्थी मी नेतो. रविवारी येतो न्यायला."

तो रविवार गेला. दहावाही काशिनाथनेच केला. फोन केला की मंदार म्हणतो, "येतोय, बाबा."

घराच्या मागे निंबाच्या फांदीला अस्थींचं मडकं टांगलेलं आहे. कमलच्या अस्थी अजून नर्मदेत सोडलेल्या नाहीत.