जड पाण्याचा एक खडा

जड पाण्याच्या बर्फाचा खडा शेवटी माझ्या भाचीच्या पोटात गेला. असो. तसं काही घडलेलंच नाही असं समजून पुढे वाचावं.

प्रयोगशाळेतली माझी नोकरी अजून कच्ची आहे. भाचीच्या बालवाडीने 'घरातल्या मोठ्यांचं काम' दाखवायला बोलावलं. खरे मोठे कामात होते, म्हणून मी गेलो. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी बारा ग्रॅमचा एक खडा थर्मासात घालून दिला. "बुडवा, दाखवा, लगेच काढा. संध्याकाळी खडा परत आला नाही, तर तुम्हीही येऊ नका."

मी गार पाण्याचे दोन पेले मांडले. साधा बर्फ तरंगला. आमचा सरळ तळाशी.

"मामा, त्यात दगड आहे!" अख्खा वर्ग ओरडला.

"पाण्यातले कण म्हणजे दोन जुळे भाऊ समजा. नाक तेच, कपडे तेच, हाक मारली की दोघंही 'ओ' देतात. फक्त एकाच्या खिशात एक गोटी जास्त. त्याला म्हणतात..." समस्थानिक हा शब्द ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"गोटी कोणी ठेवली?"

"जन्मापासूनच असते."

"आमच्या नळात पण असतात गोटीवाले?"

"सहा-सात हजारांत एखादा."

एक मुलगी लगेच नळापाशी मोजायला गेली.

भाची मात्र तळाशी गेलेल्या खड्यावर डोळा ठेवून होती. तिला घरी काडी म्हणतात. सी-सॉवर समोर वर्गातला ढब्बू बसला की ती वरच लटकते. काल तर घंटा होईपर्यंत वर होती.

"मामा, हा खाल्ला की माणूस जड होतं?"

"होतं की," मी शास्त्राला धरून म्हणालो आणि थर्मासाचं झाकण शोधायला वळलो.

मागून आवाज आला. कुडुम.

मी मॅडमना फोन लावला. "एका खड्याने तिला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं बघा."

तोवर मधली सुट्टी झाली. अंगणात ढब्बू खाली, काडी वर.

"थांब रे जरा," ती वरून ओरडली, "अजून वितळतोय!"

सबब हा अर्ज. मा. विभागप्रमुख यांस: बारा ग्रॅमचा सदर साठा सुरक्षित असून भाचीत ठेवला आहे. तरी तिला विभागाचे अधिकृत भांडे म्हणून मान्यता द्यावी. तसेच ढब्बूच्या तुलनेत सदर भांड्यास सहा किलो कमी पडत असल्याने, उरलेले चारशे नव्याण्णव खडे घंटा होण्यापूर्वी मंजूर करावेत, ही नम्र विनंती.